डेअरीतला अर्धा कॅन: सांगोला तालुक्यातल्या एका गावातला लम्पी, २०२२

पितृपंधरवडा चालू होता. सकाळी साडेसातला एका गावच्या दूध संकलन केंद्रावर माप घेणाऱ्या पोराचा फोन आला. "डॉक्टर, ओढ्यापलीकडच्या वस्तीवरचा कॅन तीन दिवस झालं अर्धाच येतोय. इचारलं तर पेंड बदलली म्हणत्यात. पेंड बदलल्यावर दूध निम्म्यावर येतं व्हय?"

येत नाही. पेंड बदलली तर दोन-चार लिटरचा फरक पडतो, कॅन अर्धा होत नाही. त्या पोराला लम्पीची, म्हणजे गाई-बैलांच्या अंगावर गाठी आणणाऱ्या विषाणूजन्य रोगाची, लक्षणं माहीत नव्हती, पण रोज माप घेणाऱ्याचा हात त्याच्याकडे होता. या सगळ्या प्रकरणात आम्हाला जे काही साधलं त्याची सुरुवात त्या फोनपासून झाली. म्हणून गावाचं आणि माणसांचं नाव न सांगताही त्याचा उल्लेख पहिला करतो.

तेव्हाची परिस्थिती थोडक्यात सांगतो. लम्पी चर्मरोग भारतात पहिल्यांदा २०१९ साली ओडिशात नोंदला गेला. २०२२ च्या उन्हाळ्या-पावसाळ्यात गुजरात आणि राजस्थानात त्यानं गाई पटापट पाडल्या आणि ऑगस्टच्या सुरुवातीला तो जळगाव जिल्ह्यात दिसला. ८ सप्टेंबरला संपूर्ण महाराष्ट्र 'नियंत्रित क्षेत्र' म्हणून जाहीर झाला. त्याला आधार होता २००९ च्या प्राण्यांमधील संसर्गजन्य रोग प्रतिबंध व नियंत्रण कायद्याचा. जनावरांचे बाजार, शर्यती, प्रदर्शनं, वाहतूक सगळं थांबलं. सांगोल्याचा रविवारचा बाजार ज्यांनी पाहिला आहे त्यांना बाजार बंद होण्याचा अर्थ वेगळा सांगावा लागणार नाही. खिलार खोंड घ्यायला तिथं सांगली-साताऱ्यापासून कर्नाटकापर्यंतची माणसं येतात. घराचं वर्षाचं गणित एका खोंडावर बसवलेली कुटुंबं या तालुक्यात आहेत.

गाव म्हणजे गावठाण लहान आणि माणसं वस्त्यांवर विखुरलेली, माणदेशात सगळीकडे दिसतं तसं. डाळिंबाचं गाव. आधीच्या एक-दोन वर्षांत खोडकिडीनं झाडं आतून पोखरल्यानं बऱ्याच जणांनी बागा उपटल्या होत्या आणि त्या जागी संकरित गाई घेतल्या होत्या. कर्ज काढून. हे लक्षात ठेवा, कारण पुढं माणसं जी वागली ती या कर्जामुळं वागली.

पहिली गाय पहिली नव्हती

ओढा ओलांडून वस्तीवर पोहोचलो. गोठ्यात आठ संकरित गाई, दोन खिलार बैल, एक खिलार गाय आणि चार-पाच वासरं. तिसऱ्या वेताची एक काळीपांढरी गाय मान खाली घालून उभी होती. ताप १०५ अंश फॅरनहाइट. डोळ्यांतून पाणी, तोंडातून लाळ, पुढचे पाय सुजलेले. खांद्यापुढची लसिकाग्रंथी चांगली लिंबाएवढी हाताला लागत होती. मानेवरून केसांच्या उलट दिशेनं हात फिरवला तेव्हा कातडीत घट्ट बसलेल्या गाठी लागल्या, दोन-तीन सेंटिमीटरच्या. कासेवरही होत्या. सडाजवळच्या गाठीमुळं ती धार काढू देत नव्हती.

मालकाला मी मामा म्हणतो, वयानं वडिलांच्या बरोबरीचे. ते म्हणाले, "कालपासनं जरा ताप हाय." पण गाठी काल आलेल्या नव्हत्या. मी गोठ्याच्या मागच्या बाजूला गेलो. तिथं कडब्याच्या गंजीआड एक कालवड बांधली होती. तिच्या अंगावरच्या गाठी वाळून खपल्या धरू लागल्या होत्या, काही गळून लाल खळगे पडले होते. म्हणजे तिला लागण होऊन दोन-तीन आठवडे उलटले होते. ऑगस्टच्या अखेरीस, बाजार बंद व्हायच्या आधी, एका व्यापाऱ्यानं ती रात्री टेम्पोतून दारात आणून सोडली होती. कुठून आणली ते मामांना ठाऊक नव्हतं. स्वस्तात मिळाली एवढंच ठाऊक होतं.

मी विचारलं, कळवलं का नाही? मामा बराच वेळ बोलले नाहीत. मग त्यांच्या घरची आक्का आतून म्हणाली, "डेअरीनं दूध घ्यायचं बंद केलं तर हप्ता कोण भरणार? आन् गावात कळल्यावर आमच्या दारात कोण पाय ठिवणार?"

रोगाची खबर देणं हे मालकाचं कायद्यानं कर्तव्य आहे. मी ते सांगितलं, पण धाक म्हणून नाही. माझं मत स्पष्ट आहे: त्या दिवशी कागद काढून दंडाची भाषा केली असती, तर पुढच्या दहा वस्त्यांवर आजारी जनावरं कडब्याआड गेली असती. त्याऐवजी आम्ही आधी डेअरीत गेलो. तिथल्या माणसांना बसवून सांगितलं की हा रोग माणसाला होत नाही आणि उकळलेल्या दुधातून काही धोका नाही. ज्या गाईला अँटिबायोटिक चालू आहे तिचं दूध मात्र औषधाची मुदत संपेपर्यंत घालायचं नाही, ते वेगळं काढायचं. बाकी गाईंचं दूध नाकारायचं नाही. संकलन केंद्राच्या चालकानं हे मानलं आणि त्याच संध्याकाळी मामांचा कॅन सगळ्यांसमोर मापला. त्याचा परिणाम दुसऱ्या दिवशी दिसला: आणखी दोन वस्त्यांवरून फोन आले.

आमची चूक

इथवर ठीक झालं. पुढं त्याच दुपारी आम्ही जे केलं ते ठीक नव्हतं.

खपल्या आणि रक्ताचे नमुने बर्फात ठेवून पुण्याला औंधच्या रोग अन्वेषण विभागाकडे पाठवायची सोय केली. गाईला ताप उतरवायचं औषध, जखमेत दुसरा संसर्ग होऊ नये म्हणून अँटिबायोटिक, सूज आणि खाजेसाठीचं इंजेक्शन दिलं. विषाणूवर थेट मारा करणारं औषध नाही. जनावराला तगवायचं आणि त्याच्या शरीराला लढू द्यायचं, एवढंच उपचारात हाती असतं.

मग लसीकरण. लम्पीचा विषाणू शेळ्यामेंढ्यांच्या देवीच्या विषाणूचा भाऊबंद आहे, त्यामुळं शेळ्यांच्या देवीची लस गाईला दिली तर संरक्षण मिळतं. तीच लस आम्हाला पुरवलेली होती, मानेच्या कातडीखाली एक मिलिलिटर. लागण झालेल्या ठिकाणापासून पाच किलोमीटरच्या परिघातली निरोगी जनावरं टोचून काढायची असं ठरलेलं होतं. आम्ही नकाशावर मामांच्या वस्तीभोवती वर्तुळ काढलं आणि कामाला लागलो. मामांच्या गोठ्याला लागून असलेल्या गोठ्यापासून.

आजारी गाय तपासून, तिच्या गाठी चाचपून, त्याच बुटांनी, त्याच कपड्यांनी आम्ही शेजारच्या गोठ्यात गेलो. हात धुतले होते. बूट धुतले नव्हते. लशीच्या कुप्या भरपूर, पण सुया मोजक्या होत्या. पहिल्या दोन गोठ्यांत सुई गोठ्यागणिक बदलली, जनावरागणिक नाही. संध्याकाळपर्यंत मोठा आकडा गाठायचा होता. हे कारण म्हणून सांगत नाही. तसं घडलं म्हणून सांगतो.

आणि एक गोष्ट आम्ही बोललोच नाही. टोचल्यावर अंगात ताकद यायला साधारण तीन आठवडे लागतात. तोवर जनावर उघडंच असतं. हे कुठल्याच दारात सांगितलं नाही. "लस दिली, आता काळजी नाही," असं आमच्यातल्या एकानं म्हटल्याचं मला आठवतं. तेव्हा ते वाक्य मलाही दिलासा देणारं वाटलं.

सहाव्या दिवशी शेजारच्या गोठ्यातल्या दोन गाईंना गाठी आल्या. आठव्या दिवशी त्यापलीकडच्या गोठ्यात आणखी दोघींना. चौघीही टोचलेल्या.

गावानं जो निष्कर्ष काढायचा तो काढला: डॉक्टरच्या सुईनं रोग आणला. नवव्या दिवशी आमचं पथक गावाच्या दुसऱ्या टोकाला गेलं तेव्हा तीन वस्त्यांवर जनावरं रानात हाकलून दिलेली होती. एका म्हाताऱ्या अण्णांनी दारातच हात जोडले. "साहेब, आमची जित्राबं चांगली हायती. तुमी नका येऊ."

त्या चौघींना रोग कशानं झाला, याचा हिशेब मी नंतर अनेकदा मांडला. या रोगात लागण झाल्यापासून लक्षणं दिसायला बहुधा चार ते चौदा दिवस लागतात. म्हणजे आम्ही टोचलं तेव्हाच काहींच्या रक्तात विषाणू असणार, मधल्या चावऱ्या माश्यांनी तो तिकडं नेलेला. सहाव्या दिवशीच्या दोघींबाबत हीच शक्यता मोठी वाटते. आठव्या दिवशीच्या दोघींबाबत आमचे बूट आणि आमची सुई मला यादीतून खोडता आली नाही, आजही येत नाही.

बिरोबाच्या देवळापुढं

बैठक बोलावली. बिरोबाच्या देवळापुढच्या लिंबाखाली चाळीसेक पुरुष आले. मी विषाणू, परीघ, रोगप्रतिकारशक्ती असं सगळं सांगितलं आणि कुणाच्या चेहऱ्यावरची रेषा हलली नाही. मग मी सुईचं सांगितलं. गोठ्यागणिक बदलली, जनावरागणिक बदलायला हवी होती, चुकलं. कुजबुज झाली. दोघे-तिघे उठून चालते झाले. वाटलं, आता हे गाव हातातून गेलं.

तेव्हा मागं बसलेले एक तात्या बोलले. पंचवीस-तीस वर्षं डाळिंब केलेला माणूस, खोडकिडीतही ज्यांची निम्मी बाग उभी राहिली होती. त्यांनी माझ्याकडं न बघता लोकांनाच विचारलं, "तेल्या आल्यावर छाटणी कुठनं सुरू करता? तेल्याच्या झाडापासनं का निरोग्या झाडापासनं?"

"निरोग्या," कोणीतरी म्हणालं.

"आन् कात्री?"

"दर झाडाला बुडवायची."

"मग डॉक्टर," आता ते माझ्याकडं वळले, "तुमी तेल्याच्या झाडापासनं सुरू केलं आन् कात्री बी बुडवली न्हाय. एवढंच झालंय. औषध वाईट न्हाय, कामाची रीत उलटी झाली."

बाहेरच्या वाचकासाठी दोन ओळी. तेल्या हा डाळिंबावरचा जिवाणूजन्य करपा. पानाफळांवर तेलकट डाग पडतात, फळ तडकतं, आणि दमट, पावसाळी हवेत तो पावसाच्या शिंतोड्यांबरोबर, माणसाच्या हातांबरोबर आणि कात्रीबरोबर झाडामागून झाडाला जातो. सोलापूरजवळ केगावला डाळिंबाचं राष्ट्रीय संशोधन केंद्र आहे. तेल्यावरची शिस्त या पट्ट्यातल्या शेतकऱ्यानं किती वर्षं ऐकली आणि किती बागा गमावून अंगी बाणवली, ते इथं राहिल्याशिवाय कळत नाही. छाटणीची कात्री सोडियम हायपोक्लोराइटच्या अडीच टक्के द्रावणात बुडवायची, रोगट फांद्या आणि गळलेली फळं बागेबाहेर नेऊन जाळायची, निरोगी भाग आधी आणि रोगट भाग शेवटी. गोठा निर्जंतुक करायला लम्पीच्या नियमांत जी औषधं सांगितलेली होती, त्यांतही हेच हायपोक्लोराइट होतं, दोन ते तीन टक्क्यांचं. म्हणजे औषधाचा कॅन या लोकांच्या शेडमध्ये आधीपासून होता. आम्ही तो जिल्ह्यावरून मागवत बसलो होतो.

त्या झाडाखाली पुढचा सगळा आराखडा ठरला आणि तो निम्मा त्यांनीच केला. मी तो नंतर वहीत उतरवला.

लसीकरण बाहेरून आत. परिघाच्या कडेच्या, सगळ्यात लांबच्या वस्त्या आधी. रोज थोडं थोडं आत सरकायचं. लागण झालेल्या गोठ्याशेजारची जनावरं सगळ्यात शेवटी, त्यांचा ताप बघून, गाठी चाचपून, मगच. दर जनावराला नवी सुई. सुया संपल्या की काम थांबणार, आकडा काहीही असो. द्रावण केलेली लस बर्फावर आणि काही तासांतच संपवायची, उरली तर टाकून द्यायची. टोचायच्या जागी स्पिरिट फासायचं नाही, जिवंत लस त्यानं मरते.

पथकं दोन. लस देणाऱ्या पथकानं आजारी जनावराच्या गोठ्यात पाय ठेवायचा नाही. उपचार करणाऱ्या पथकानं निरोगी गोठ्यात जायचं नाही. मी उपचाराकडं राहिलो. लशीचं पथक सहकाऱ्याकडं गेलं आणि त्याच्याबरोबर गावातली चार पोरं. या पोरांचं काम जनावर धरणं एवढंच नव्हतं, दारात सांगणं हे मुख्य काम होतं. काय सांगायचं ते आम्ही ठरवून दिलं: आज टोचलं तरी तीन आठवडे धोका आहे, या दिवसांत एखादीला गाठ आली तर ती आधीच लागलेली असेल, लपवू नका, त्याच दिवशी फोन करा. टोचल्या जागी थोडी सूज येईल, एक-दोन दिवस ताप येईल, दूध थोडं कमी होईल. हे आधी सांगितलेलं असलं की माणूस घाबरत नाही. नंतर सांगितलं की सारवासारव वाटते.

हात जोडणारे अण्णा चौथ्या दिवशी स्वतःहून आले. म्हणाले, "पोरानं सुई माझ्यासमोर फोडली. टोचा."

धार काढणाऱ्या बायका

बैठकीत एकही बाई नव्हती. हे माझ्या लक्षात यायला आणखी तीन दिवस गेले.

विलगीकरण कागदावर सोपं असतं: आजारी जनावर वेगळं बांधा, त्याची चारा-पाण्याची भांडी वेगळी ठेवा, त्याची देखभाल करणारा माणूस वेगळा ठेवा. पण वस्तीवर धार काढणारी, शेण उचलणारी, वासरू पाजणारी बाई एकच असते. पुरुष शंभर फूट लांब लिंबाखाली गाय बांधून येतो आणि त्याला वाटतं झालं काम. ती बाई पहाटे आधी आजारी गाईकडं जाते, कारण तिचा जीव तिथं अडकलेला असतो. मग त्याच ओल्या हातांनी, त्याच पदरानं बाकीच्यांची धार काढते. आम्ही पुरुषांना नियम दिले होते आणि रोग बायकांच्या हातांतून जाणार होता.

मग दुपारच्या वेळी दारोदार गेलो. मामांच्या घरच्या आक्कांपाशी तासभर बसलो. त्यांनी एकच प्रश्न विचारला, "माणूस एक हाय, तर क्रम सांगा." हा खरा प्रश्न होता. उत्तर: आधी निरोगी दुभत्या, मग गाभण, मग वासरं, आजारी सगळ्यात शेवटी. आजारी गाईकडं जाताना जुनं लुगडं नेसायचं, ते तिथल्याच खुंटीला टांगून ठेवायचं आणि घरात आणायचं नाही. हात कोपरापर्यंत साबणानं धुवायचे. आजारी गाईच्या दुधाची बादली वेगळी, तिला लाल चिंधी बांधलेली. तिचं दूध वासराला द्यायचंच असेल तर उकळून, निववून. आक्कांनी हे शेजारणींना सांगितलं आणि दोन दिवसांत लाल चिंध्या पाच वस्त्यांवर दिसल्या. बादलीची कल्पना माझी. चिंधी त्यांची.

गाई रोज नुसतं पाणी पितात की खातात, रवंथ करतात का, हे मला फोनवर सांगणाऱ्याही त्याच होत्या. त्यांच्या फोनवरून मी रोजचा फेरा ठरवायचो.

माश्या आणि पाऊस

लम्पी मुख्यतः चावणाऱ्या किड्यांमार्फत पसरतो: चावरी माशी, डास, गोचीड. बाजार बंद करून टेम्पो थांबतो, माशी थांबत नाही. त्या वर्षी परतीचा पाऊस लांबला होता आणि एरवी कोरड्या असणाऱ्या या तालुक्यात गोठ्यांत चिखल होता.

चावरी माशी दिसायला घरमाशीसारखीच, पण ती जनावराच्या पायाला चावते. गाय सारखे पाय आपटत असेल तर समजावं. ती नुसत्या शेणात वाढत नाही. तिला लागतो कुजलेला ओला चारा, मुताशेणात मिसळलेला. गव्हाणीच्या बुडाशी साठलेला राडा आणि मुरघासाच्या फाटक्या पिशव्यांभोवतीचा सांडलेला चोथा या तिच्या जागा. आम्ही लोकांना उकिरडा हलवायला सांगत होतो. खरी जागा गव्हाणीखाली होती. ती साफ करून चुना टाकल्यावर आठवड्याभरात फरक दिसला.

डाळिंबाच्या बागेचे फवारणीचे एसटीपी पंप आणि ब्लोअर गावात प्रत्येकाकडं. त्यांनी हायपोक्लोराइटची फवारणी भराभर झाली: भिंती, गव्हाणी, जमीन, टेम्पोचा हौदा. पण एका गोष्टीवर मी अडून बसलो. बागेचा पंप जनावराच्या अंगावर वापरायचा नाही. कितीही धुतला तरी त्याच्या नळीत कशाकशाचा अंश राहतो. जनावराच्या अंगावरचं गोचीडनाशक वेगळ्या हातपंपानं, मापात, जखमा वगळून. एका तरुणानं गाठी फुटलेल्या जागी बोर्डो मिश्रण लावू का असं विचारलं होतं. मोरचूद आणि चुना उघड्या मांसावर! तेल्याच्या उपमेनं गाव जिंकलं होतं, पण उपमेची हद्दही सांगावी लागते, ती त्या दिवशी सांगितली. जखमेला लिंबाच्या पाल्याचं कोमट पाणी, हळद आणि तेल चाललं. अळ्या पडल्या तिथं औषध आम्ही लावलं. संध्याकाळी लिंबाच्या पाल्याचा धूर सगळीकडंच होता.

जी वाचली नाहीत

एकूण अकरा जनावरांना लागण झाली. दोन गेली.

एक संकरित गाय, आठ महिन्यांची गाभण. गळ्याखालच्या पोळीला, पायांना पाणी उतरलं, ती गाभडली आणि तिसऱ्या दिवशी गेली. दुसरं, खिलार गाईचं दोन महिन्यांचं वासरू. चार महिन्यांखालच्या वासराला लस द्यायची नाही असं ठरलेलं होतं. गाई वाचवायच्या धावपळीत त्या वासरांना वेगळ्या मच्छरदाणीखाली, आजारी जनावरांपासून लांब ठेवायचं आमच्याकडून जोर देऊन सांगायचं राहिलं. वासराच्या घशात गाठी झाल्या होत्या, त्याला दूध ओढता येईना. नळीनं पाजलं, दोन रात्री. उपयोग झाला नाही.

मेलेलं जनावर आठ फूट खोल पुरायचं, चुना टाकून, विहीर आणि ओढ्यापासून लांब. माणदेशात आठ फूट हा शब्द लिहायला सोपा आहे. चार फुटांवर कठीण मुरूम लागला. जेसीबीचं बकेट घसरू लागलं, ब्रेकर मागवायला संध्याकाळ झाली. तोवर गाय ताडपत्रीखाली होती आणि कुत्र्यांना हाकलत मालकाची दोन पोरं बसून होती. पुढच्या वस्त्यांवर आम्ही खड्ड्याची जागा आधीच बघून ठेवली. गरज पडली नाही, पण त्या बघून ठेवण्याची मला खंत नाही.

शासनानं मदत जाहीर केली होती: दुधाळ गाईला ३० हजार, बैलाला २५ हजार, वासराला १६ हजार रुपये. गाईच्या कानात बारा आकडी बिल्ला होता. पंचनामा, फोटो, कागद सरळ झाले. वासराच्या कानात बिल्ला नव्हता. ते त्या खिलार गाईचंच वासरू हे सिद्ध करायला सरपंच, शेजारी आणि आमची नोंदवही लागली. त्या दिवसानंतर मी वासराच्या नोंदीला कधी 'मग बघू' म्हटलं नाही.

मामांची पहिली गाय वाचली, पण कासेच्या एका सडातून पुढं दूध आलं नाही. शेजारच्या वस्तीवरच्या खिलार खोंडालाही लागण झाली होती. तो सरळ बरा झाला, फक्त कातडीवर वण राहिले. खिलारीला संकरित गाईंपेक्षा रोग हलका गेला हे मी त्या गावात पाहिलं, देशी रक्ताच्या जनावरांत तो सहसा तसा जातोही. पण खोंडाची किंमत त्याच्या अंगकांतीवर असते. मालक म्हणायचा, वण दिसत्यात. कार्तिकी एकादशी ४ नोव्हेंबरला होती, आणि त्या वर्षी पंढरपूरचा कार्तिकी यात्रेतला जनावरांचा बाजार भरलाच नाही. त्याला तो वण कुणाला दाखवायचीही वेळ आली नाही.

उसाचे बैल

शेवटचा आजारी बैल बरा व्हायच्या आत दुसरी काळजी सुरू झाली. सोलापूर जिल्ह्यात साखर कारखाने भरपूर, आणि हंगाम सुरू झाला की बीडकडून ऊसतोड कामगार बैलगाड्या घेऊन येतात. लसीकरण झालेले बैलच आणायचे असा नियम होता. पण प्रमाणपत्र खिशात असणं आणि त्या बैलाला तीन-चार आठवडे झालेले असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गावाच्या शिवेवर पहिला तांडा उतरला तेव्हा तात्या आणि ती चार पोरं माझ्या आधी तिथं होती. त्यांनी हुसकावून लावलं नाही. बैल कुठं बांधायचे, पाणी कुठल्या हौदावर पाजायचं हे ठरवून दिलं, गावच्या जनावरांच्या हौदापासून लांब. दोन बैलांना लस मिळून आठवडाच झाला होता. त्यांना बाजूला ठेवून ताप बघत राहिलो. कामगारांची रोजची मजुरी बैलावर असते, त्यामुळं हे सहज झालं नाही. मुकादमाशी दोनदा वाद झाला. शेवटी त्या दोन गाड्यांचा ऊस चार दिवस गावच्या ट्रॅक्टरनं ओढला. तो निर्णय गावाचा होता, माझ्या अधिकारात तो नव्हता.

दिवाळीनंतर नवी लागण दिसली नाही. गळलेल्या खपल्यांत विषाणू महिनाभराहून अधिक टिकतो, त्यामुळं शेवटच्या जनावराच्या खपल्या गळून गेल्यावरही गोठ्यांतला केर जाळणं आणि दारातलं चुन्याचं पायपुसणं आम्ही डिसेंबरपर्यंत चालू ठेवलं. सगळ्यांनी ठेवलं असं नाही. निम्म्यांनी ठेवलं.

२०२३ च्या ऑगस्टमध्ये रोगानं पुन्हा डोकं वर काढलं, तेव्हा वासरांवर भार जास्त होता. एका पहाटे आक्कांचा फोन आला. साडेतीन महिन्यांच्या वासराच्या मानेवर गाठ, ताप आहे का ते कळत नाही, पण कान गरम लागतात. "येगळं बांधलंय," त्या म्हणाल्या. "त्याच्या आईची धार शेवटी काढली. तुमी येताना दुसरीकडनं येत असाल तर बूट बदलून या."

बूट बदलून गेलो. लम्पीच होता. एका मानेवरच्या आणि दोन खांद्यावरच्या गाठींवर तो थांबला, वासरू दहाव्या दिवशी उड्या मारू लागलं, आणि त्या गोठ्यात दुसऱ्या कुणाला काही झालं नाही.